बायोडाटावरचा पत्ता

आई गेली त्या उन्हाळ्यात वडिलांना मी बंगळुरात सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. संक्रांत झाली की गावी परत जायचं, असं ठरवूनच ते आले होते. गाव निपाणीपासून आत, सीमेलगतचं. तिथल्या मराठी शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. वय एकोणऐंशी, गुडघे अधू, स्वयंपाक येत नाही. तरी परत जाणं शक्य होतं, कारण शेजारच्या काकूनं त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचं अंगावर घेतलं होतं. निघताना ती म्हणाली होती, "गुरुजी, कवाबी या. आमच्यात सा भाकऱ्या होत्यात, तिथं आठ होतील." घराची किल्ली तिच्याकडेच होती. ती रोज अंगण झाडायची आणि तिन्हीसांजेला आमच्या देवापुढं दिवा लावायची, घर बंद पडलं असं कुणी म्हणू नये म्हणून.

त्यामुळे वडील बंगळुरात पाहुण्यासारखे राहत. कपाट वापरत नसत, कपडे बॅगेतच. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर गावाचं नाव सांगत आणि पुढे "इथं मुलीकडे आलोय" असं जोडत. वरच्या मजल्यावर पुण्याचा एक आयटीतला गृहस्थ राहतो. तो एकदा म्हणाला, "काका, तुम्ही लकी आहात. परत जायला गाव आहे. आम्ही होसूरच्या पुढे प्लॉट बघतोय. वीकेंडला मातीत काम करायचं, बस."

"बाकीचे पाच दिवस झाडांना पाणी कोण घालणार?"

"केअरटेकर असतो ना, काका."

"तो कुठल्या गावचा?"

त्याला ते माहीत नव्हतं. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "माणूस चांगला आहे."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. अशा माणसांवरचा मजकूर आमच्या रविवारच्या पुरवणीत नेहमी येतो: नोकरी सोडली, गावाकडे जमीन घेतली, आता शांत झोप लागते. त्यातले कितीतरी लेख मी संपादित केले आहेत. दोन वर्षांनी त्यातलं कोण शहरात परतलं, हे आम्ही कधी छापलं नाही आणि विचारायलाही कुणी गेलं नाही.

डिसेंबरात काकूच्या मुलाचा फोन आला. वय चौतीस, वडिलांचा विद्यार्थी. साडेचार एकर ऊस आणि सोयाबीन, दोन म्हशी, कसलं व्यसन नाही. सात वर्षं त्याचं लग्न ठरत नव्हतं.

"अक्का, एक काम हुतं. तुमचा तिथला पत्ता पायजे हुता. बायोडाटावर घालतो म्हणतो."

"माझा पत्ता कशाला?"

"गावचा पत्ता बघितला की फोटोबी उघडंनात. मागल्या म्हैन्यात एका पोरीच्या बापानं इचारलं, शेती किती? सांगितली. बरं म्हणाला. ऱ्हाताय कुठं म्हणाला. गावातच म्हटलं, तर फोनच ठिवला. अक्का, त्यो बाप सोता शेतकरी हाय की!"

तो हसला. मीही हसले.

बातमीदार ज्या गावाला गेलेला नाही, त्या गावाचं नाव बातमीच्या सुरुवातीला घालायचं नाही, हे मी डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवते. तरी मी पत्ता दिला. त्याच्या आईच्या चुलीवर माझ्या वडिलांची भाकरी भाजली जाणार होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात होतं. ते नसतं तर मी नाही म्हणाले असते का, हे सांगता येत नाही. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला नाही म्हणायला लावलं असतं. म्हणून त्यांना सांगितलं नाही.

आमच्याकडे मुलीकडची माणसं चौकशीला येतात ती न कळवता येतात. कळवलं तर चौकशी कसली? हे मला पाठ असायला हवं होतं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात मुलीचे मामा-मामी. इथल्याच बसवनगुडीतलं जुनं मराठी घर, बोलण्यात कन्नड मिसळलेलं.

"नमस्कार, अण्णा. स्वल्प विचारायचं होतं," मामा म्हणाले आणि फोनवरचा फोटो त्यांनी वडिलांपुढे धरला. "हे इथंच राहतात ना?"

वडिलांनी चष्मा लावला. गावाकडचा चेहरा पाहून त्यांना आनंद झाला. "हा? हा माझा विद्यार्थी!"

मी मध्येच बोलले, "येऊन-जाऊन असतात इथं."

"इथं कुठं?" वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर वळावं तसे वडील माझ्याकडे वळले. "बंगळूर त्यानं पाहिलेलं नाही. अहो, सगळी पोरं पुण्याला गेली, इकडं आली, हा जागचा हलला नाही. हलणारही नाही, मी लिहून देतो. म्हशी याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. तुम्ही डोळे झाकून मुलगी द्या."

मामींनी विचारलं, "म्हशींचं सगळं हाच करतो, अण्णा?"

"हाच. पहाटे चारला उठतो."

"आणि लग्न झाल्यावर?"

"लग्न झाल्यावर दोघं उठतील!" वडील मनापासून हसले.

मामींनी चहाचा कप खाली ठेवला. मामा म्हणाले, "सरी, अण्णा. खरं सांगणारं माणूस भेटलं, बरं वाटलं." वडील त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, "जमेल असं दिसतंय."

मग मी त्यांना पत्त्याचं सांगितलं.

"आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात?"

"नाही," ते म्हणाले.

बुधवारी काकूचा फोन आला. वडिलांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला.

"गुरुजी, सात वर्सांत पयल्यांदा कोणतरी दारापतोर आलं हुतं."

"अगं, मी त्याचं चांगलंच सांगितलं."

"व्हय. चांगलंच सांगितलासा. तेच नडलं." मग ती म्हणाली, "संक्रांत झाली की येणार म्हणत हुतासा. यंदा आमच्यात जमायचं न्हाई. माझी कंबर धरलीया."

तिची कंबर खरंच धरली होती का, हे तपासायला माझ्याकडे साधन नव्हतं. वडील म्हणाले, "जप स्वतःला." त्यानंतर त्यांनी गावातल्या आणखी दोन घरी फोन केले. एका घरातली म्हातारा-म्हातारी मुलाकडे पुण्याला गेली होती. दुसऱ्या घरातल्या बाईनं सांगितलं, "आमीच डबा लावलाय, गुरुजी." संक्रांत होऊन गेली. बॅग भिंतीला टेकून तशीच होती.

जूनमध्ये तो मुलगा स्वतः आला. आधी मी त्याला ओळखलं नाही. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र होतं. कोरमंगलात पीजीत राहत होता, एका खोलीत सहा जण.

"म्हशी?" वडिलांनी पहिला प्रश्न विचारला.

"इकल्या."

"शेत?"

"भावकीला कसायला दिलंय. बायोडाटावर पत्ता लागतोय, गुरुजी. आता खरा हाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी विचारलं, कुठं जमतंय का?

"आता इचारत्यात, सोताचा फ्लॅट हाय का म्हणून."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं खिशातून आमच्या घराची किल्ली काढून टीपॉयवर ठेवली. "आईनं दिलीया. ती जात न्हाई आता तिकडं. अंगणात गवात लई वाढलंय." वडिलांनी त्याला जेवून जायला सांगितलं. तो जेवला, ताट स्वतः विसळलं, दुपारच्या पाळीला उशीर होतो म्हणून निघाला. जाताना वडिलांच्या पाया पडला. नेहमी 'गावी भेटू' म्हणणारे वडील या वेळी 'येत जा' म्हणाले.

किल्ली दोन दिवस टीपॉयवरच होती. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर वडील पलंगावर बसले होते. बॅग उघडी, कपडे घड्या घालून शेजारी रचलेले.

"कपाटात कुठला कप्पा घेऊ?" त्यांनी विचारलं. "वरचा की खालचा?"

मी खालचा सांगितला, गुडघे अधू असले तरी. वरच्यात आईच्या साड्या होत्या.