आतल्या खोलीसाठी राउटर

आमच्या घरात इंटरनेट बैठकीच्या खोलीत राहायचं, कारण टेलिफोन बैठकीत होता आणि मोडेम त्याच्या शेजारी. बैठकीत वडीलही राहायचे. रविवारी दुपारी त्यांचे दोन-तीन मित्र यायचे, आणि नेमका त्याच वेळी सिंगापूरला दिलेल्या माझ्या मेहुणीचा व्हिडिओ कॉल यायचा. बायको पदर सारखा करून कॉम्प्युटरसमोर बसायची. मागे म्हातारे कापसाचं बोलणं थांबवून हिचं बोलणं ऐकायचे. "जेवलीस का?" "तिकडं पाऊस हाय का?" याच्या पुढे दोघी बहिणींची गाडी सरकायची नाही. एकदा तर वडिलांनी मागूनच मेहुणीला तिथल्या कांद्याचा भाव विचारला.

बायकोनं एकच मागणं केलं. ऑफिसनं मला लॅपटॉप दिला होता, त्यावर आतल्या खोलीत नेट चालेल असं काहीतरी करा. "दार लावून बहिणीसंगं बोलायचंय मला. बस, बाकी काही न्हाई."

शहाणा माणूस दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यातल्या पहिल्या दुकानात शिरून वायफायचा राउटर घेऊन आला असता. मी बियाण्याच्या कंपनीत नोकरीला होतो आणि जेवणाच्या सुट्टीत परदेशी लोकांच्या संगणकचर्चा वाचायचो. अर्धवट वाचलेला माणूस किती महागात पडतो, ते आमच्या घराला विचारा. तिथं मला कळलं की राउटरच्या पोटात कंपनीनं घातलेला एक प्रोग्राम असतो. तो बंदिस्त असतो, आत काय चाललंय ते मालकाला कळत नाही. पण काही राउटरांमध्ये तो काढून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला खुला प्रोग्राम घालता येतो. या 'काही'नं माझं वाटोळं केलं.

कारण नाव तेच, मॉडेल तेच, खोकंही तेच, पण बारकोडजवळ छापलेला आवृत्तीचा आकडा वेगळा. जुन्या आवृत्तीत मेमरी ऐसपैस, खुला प्रोग्राम मावतो. नवीन आवृत्तीत कंपनीनं मेमरी कापलेली. बियाण्याच्या पिशवीवर आधी लॉट नंबर बघायची सवय मला ऑफिसनं लावलीच होती, ती मी कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार घरी उर्दू बोलणारे, स्वभावानं सोशिक. मी त्यांना एकेक खोकं काढायला लावायचो, उलटंपालटं करून आकडा वाचायचो आणि परत द्यायचो. "साहब, अंदर सब एकही माल है," ते म्हणायचे. मग मी त्यांना सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर भाषण द्यायचो. मागे गिऱ्हाइकं ताटकळायची. पुढे पुढे मला रस्त्यात बघितलं की ते जेवायला निघालेले असायचे, मग सकाळचे अकरा का वाजलेले असेनात.

असे पाच महिने गेले. बायको मूळची हसनाबादची, रागावली की तिची बोली आणखी खणखणीत होते. "मला बघायला आल्ते तवा पोह्याची बशी रिकामी व्हायच्या आत हो म्हणले. आन् एका डब्याला पाच महिने झाले, बघूनच राह्यले!"

मी तिलाही भाषण दिलं. कंपनीचा राउटर म्हणजे आंधळा कारभार. आपल्या राउटरमध्ये सगळं दिसणार. कोणतं यंत्र, केव्हा, किती, सगळं. ती मेथी निवडत होती. मला वाटलं, ऐकत नाहीये.

शेवटी दुकानदारांचाच फोन आला. जुना माल आवरताना तळाला मला हव्या त्या आकड्याचं एक खोकं निघालं होतं. प्रोग्राम चढत असताना वीज गेली तर राउटर कायमचा मुका होतो, म्हणून भारनियमन संपल्या संपल्या काम काढलं आणि राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केला. खुल्या प्रोग्रामवर माझा विश्वास होता, विजेवर नव्हता. राउटरचे दिवे लागले. मी लहान पोरासारखा ओरडलो. वडील म्हणाले, "येवढ्यासाठी येवढा खर्चा?"

रविवारी बायकोनं आतल्या खोलीची कडी लावली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती गुणगुणत. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला शाबासकी हवी होती. संध्याकाळी तिला बोलावून राउटरचं पान उघडलं. हिरव्या रेघेचा आलेख होता. "हे बघ, इथं तू बोलायला सुरुवात केलीस. इथं मध्येच चित्र बंद केलंस, म्हणून रेघ खाली आली. इथं परत चालू."

ती रेघेकडे बघत राहिली. "छान हाय," म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पदर सारखा करून बैठकीत बसली होती. "जेवलीस का?" मागे म्हातारे.

मला वाटलं, आत सिग्नल कमी पडतोय. मी राउटर कपाटावर चढवला, अँटेना फिरवला, चॅनेल बदलला. त्याच्याही पुढच्या रविवारी ती बैठकीतच. तेव्हा कुठे मला तिला विचारायचं सुचलं.

"इथं नुसते मामंजी ऐकतेत," ती म्हणाली. "तिथं तुम्ही बघता."

"अगं, बोलणं दिसत नाही. फक्त किती ते दिसतं."

"चित्र बंद केलेलं दिसलं ना? रडायला आल्तं मला. तिला दिसू नये म्हणून बंद केल्तं. ते तुम्हाला दिसलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी ते पान काढून टाकतो," म्हणालो.

"काढलं का न्हाई, मला कसं कळंल?"

प्रश्न बिलकुल बराबर होता. पाच महिने मी कंपनीबद्दल हाच प्रश्न साऱ्या जालन्याला विचारत हिंडत होतो.

मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. आलेख कुठून बंद करायचा ते दाखवलं, तो तिनं स्वतः बंद केला. मग पासवर्ड बदलायची जागा दाखवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे एका बोटानं सावकाश कळा दाबल्याचा आवाज येत होता.

"बघू नका."

"नाही बघत."

"झालं."

तेव्हापासून राउटरची मालकीण ती. मला त्यात काही बदलायचं असलं तर तिच्या हातची कामं आटपेपर्यंत थांबावं लागतं. त्या परदेशी चर्चांमध्ये मी हे कधी लिहिलं नाही.

नंतरच्या रविवारी आतून कडी लागली. किती वेळ बोलल्या, मला माहीत नाही. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे लाल होते. काय झालं, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"भाजी कोणती करू?" तिनं विचारलं.

"कोणतीही कर," मी म्हणालो.