मराठीत एकच 'थोडक्यात', ते बरं आहे

माझ्या भाचीचं जमत आलेलं लग्न मी एकटीने, कुणाचीही मदत न घेता, जवळजवळ मोडलं होतं.

त्याचं असं झालं. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास निघाला आणि मी नाव घातलं. (घरात सगळे 'जा, जा!' म्हणाले. मी बाहेर जाणार याचा त्यांना एवढा आनंद का झाला, ते अजून कळलेलं नाही.) सर तेव्हा 'थोडक्यात' शिकवत होते. आपण एका 'थोडक्यात'वर आयुष्य काढतो. इंग्रजांकडे त्याचा अख्खा गोतावळा! लाँग स्टोरी शॉर्ट, इन अ नटशेल, टु सम अप.

"सगळ्यांचा अर्थ एकच, सर?"

"एकच. पाल्हाळ आवरा आणि मुद्द्यावर या."

त्याच सुमारास माझ्या भावाच्या, सुरेशच्या पूजाला मोडनिंबचं स्थळ आलं. मुलगा अमोल. दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिले होते, बोलणं फोनवर चालू होतं, आणि पूजा हल्ली फोन घेऊन सारखी गच्चीवर जायची. म्हणजे मोठ्यांनी फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं.

मी सुरेशकडे गेले होते, तेव्हा अमोलच्या मामांचा फोन आला. सुरेश आंघोळीला गेलेला, म्हणून मी उचलला. मामांचं खताचं दुकान हायवेला. मागे ट्रकचे हॉर्न.

"मुलीची जरा माहिती सांगा की."

मी बालवाडीपासून सुरुवात केली. दहावीपर्यंत आले आणि सरांची आठवण झाली. म्हटलं, "मामा, लाँग स्टोरी शॉर्ट, आमची पूजा..."

हॉर्न वाजला.

"शॉर्ट? लई शॉर्ट?"

"एकदम शॉर्ट! उगाच लांबवत नाही."

मामांनी तिकडे गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "असू द्या. देवानं दिलं तसं. आपल्या हातात काय न्हाय."

मला वाटलं, मोडनिंबची माणसं किती भाविक!

रविवारी पाहुणे आले. पूजा चहा घेऊन आली, तशी अमोलची आई वाकून तिच्या पायांकडे बघायला लागली.

"पोरी, चप्पल काढ की."

"काढलीच आहे, काकू."

"मग एवढी उंच कशी?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनीच सांगितलं फोनवर! शॉर्ट हाय म्हणून!"

सुरेशने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता, तेव्हाही त्याने असं पाहिलं नव्हतं.

"अहो, गैरसमज झाला!" मी घाईघाईने म्हटलं. "इन अ नटशेल..."

अमोलच्या आईच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"किती नटशील? मला म्हणताय व्हय? पोराच्या कार्याला आले, चार सोन्याचे डाग घातले, तर तुमच्या डोळ्यात खुपलं?"

"नाही हो! टु सम अप..."

"संपलं!" मामा उठलेच. "बोलणी संपली म्हणत्यात. चला."

ते दारात जाऊन चप्पल घालू लागले. सुरेश त्यांच्या मागे, वहिनी पदर डोळ्यांना लावायच्या बेतात, अमोल हातात पोह्यांची बशी घेऊन मध्येच उभा. (आणि इतकं होऊनही जिभेवर चौथा इंग्रजी शब्द तयार होता! तो गिळला.)

पूजाने ट्रे खाली ठेवला.

"मामा, थांबा. आत्याला 'थोडक्यात' म्हणायचं होतं, बाकी काही नाही. ते मीच सांगते. मला अमोल पसंत आहे."

अमोलला पोह्यांचा ठसका लागला. तशातच तो म्हणाला, "मलापण. ती पसंत आहे."

त्याच्या आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती परत येऊन टेकली. "मग आमी मधी कशाला भांडतोय? मामा, आत या. पोहे गार व्हायलेत."

लग्न मोडनिंबला झालं, झोकात झालं. सुरेशने माझी खुर्ची अगदी बँडशेजारी टाकली होती. मी तिथे मनसोक्त इंग्रजी बोलले. कुणाचं काही म्हणजे काहीच बिघडलं नाही!