दोनशे ग्रॅम जास्त

मुलीला ज्युडोला घातलं, कारण ती सारखी फोनला चिकटलेली असायची. क्लास इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या घराजवळच्या पेंडल हिल स्टेशनपासून दोन स्टेशनं पुढे, एका कम्युनिटी हॉलमध्ये होता. शिकवायला एक जपानी बाई. पन्नाशीची, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी. सगळे तिला सेन्सेई म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत गुरुजी. एकेकाळी ती जपानची चॅम्पियन होती, जगज्जेतीसुद्धा होती, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर मी तिला गाडी नीट लाव म्हणून दोनदा सुनावलं होतं.

मी बाकावर बसून चिवडा खात मुलीचा क्लास बघायची. एके दिवशी सेन्सेई समोर येऊन उभी राहिली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझा गुरुत्वमध्य फार सुंदर आहे," ती म्हणाली. "चांगला खाली आहे."

माझ्या बसक्या बांध्याचं इतकं शास्त्रशुद्ध कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. पुढच्या मंगळवारपासून मी मोठ्यांच्या क्लासला जायला लागले. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, नो. दॅट्स सो एम्बॅरसिंग."

मला वाटलं होतं, आता लोकांना उचलून आपटायला शिकवतील. दोन महिने फक्त पडायला शिकवलं. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीला लावायची आणि जमिनीवर हाताने सणसणीत चापट मारायची, म्हणजे धक्का हातातून निघून जातो. मी प्रत्येक वेळी पडताना "आई गं" म्हणायची. सेन्सेईला वाटलं हा मराठी ज्युडोतला काहीतरी शब्द असणार. एक दिवस तिने सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतला. दोन ऑस्ट्रेलियन नर्सा, एक लेबनीज इलेक्ट्रिशियन आणि एक रिटायर्ड बसड्रायव्हर एका सुरात "आई गं" म्हणत धडाधड पडले.

मग एका शनिवारी मी किराणा दुकानात कोथिंबिरीच्या ओल्या देठावरून घसरले. विचार करायला वेळच नव्हता. हनुवटी आत, हात बाहेर, फाट्! डाळींच्या रांगेत असा आवाज झाला की काउंटरवरचा माणूस धावत आला. "भाभीजी, अ‍ॅम्ब्युलन्स बुलाऊं?"

"नको नको," मी आडवी पडल्या पडल्याच म्हणाले. "आपने देखा क्या? एकदम परफेक्ट था!"

कुणीच बघितलं नव्हतं. मी तडक सेन्सेईला फोन केला. तिला इतका आनंद झाला की मी लगेच तिला दुसऱ्या दिवशी गिरावीनला आमच्याकडे जेवायला बोलावलं. त्या दिवसांत माझी आई पुण्याहून आली होती. तिने पुरणपोळ्या केल्या.

जेवताना मी सेन्सेईला विचारलं, "जगज्जेती झालीस तो दिवस कसा होता?"

"वाईट," ती म्हणाली आणि पोळीवर तूप घेतलं.

ती अठ्ठेचाळीस किलोच्या आतल्या गटात खेळायची. त्या दिवशी सकाळी वजन केलं तर दोनशे ग्रॅम जास्त. अंगावर तीन स्वेटर चढवून ती जिन्यावरून वरखाली पळाली. तेवढंच अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून थुंकून थुंकून तोंड कोरडं पडलं. तरी काटा पुढेच. तिची वेणी कमरेपर्यंत होती. लहानपणापासून तिची आई ती रोज विंचरायची. टीममधल्या मैत्रिणीने बँडेज कापायची कात्री आणली आणि वेणी कापली. तरीही वजन किंचित जास्तच. मग पुढचे केस, मग बाजूचे. तेव्हा कुठे काटा जागेवर आला.

"मी बाथरूममध्ये बसून खूप रडले," ती म्हणाली. "मग बाहेर आले. पहिल्या मुलीला वीस सेकंदांत पाडलं. तिचा काही दोष नव्हता. पण तिचे केस फार छान होते."

त्या रागातच तिने सगळ्या कुस्त्या जिंकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गळ्यात सुवर्णपदक आणि डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं. तिने घरी फोन लावला, तर तिची आई एवढंच म्हणाली, "वेणी कुठाय?"

मी हे सगळं माझ्या आईला मराठीत सांगत होते. आईने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वेणी कशाला कापायची? आदल्या दिवशी एकादशी करायची."

मी भाषांतर केलं. सेन्सेई म्हणाली, "मी नऊ दिवस एकादशीच करत होते."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने सेन्सेईच्या पानात न विचारता तिसरी पोळी वाढली, मग चौथी. जगज्जेती निमूटपणे खात राहिली. पाचवीला मात्र ती मला हळूच म्हणाली, "हिला थांबव."

पुढे तिचा गुडघा दोनदा गेला आणि खेळ संपला. रडली नाहीस का, विचारलं तर म्हणाली, "नाही. त्या संध्याकाळी मी दोन वाट्या भात खाल्ला आणि वजन केलं नाही."

क्लासच्या ओपन डेला तिने प्रात्यक्षिकासाठी मला पुढे बोलावलं. मी तिला पाडायचं होतं. तिची कॉलर धरली, वळले आणि तोंडातून निघालं, "सॉरी हं."

"सॉरी नंतर," ती कानात पुटपुटली.

दुसऱ्यांदाही सॉरीच निघालं. तिसऱ्यांदा मी दात आवळले, कंबर खाली घातली आणि ती खरंच माझ्या पाठीवरून उडून पलीकडे पडली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मी घाबरून तिच्यावर वाकले. ती छताकडे बघत पडल्या पडल्या हसत होती. "आता म्हण सॉरी," ती म्हणाली.

मुलीने पुढच्या टर्मला ज्युडो सोडून नेटबॉल घेतलं. मी टिकले. पिवळा पट्टा मिळाला त्या दिवशी तो आणि पांढरा पोशाख न उतरवताच ट्रेनने घरी आले. समोरच्या सीटवरच्या मुलाने पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सीटवर ठेवलेले पाय मुकाट्याने खाली घेतले.