सोमाजी काका आणि बिनसुईचं इन्सुलिन

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत! सानगडीच्या आतल्या बाजूला आमचा छोटा सरकारी दवाखाना. दर गुरुवारी तिथे शुगरवाल्यांची रांग लागते. मी तिथली सिस्टर, त्यामुळे एकेक किस्सा आपोआप पदरात पडतो. त्यातले बरेचसे सोमाजी काकांचे.

काका धानाचे शेतकरी. रोवणीच्या चिखलात पायाला काहीतरी लागलं आणि ती जखम भरेचना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "इन्सुलिन घेतलं नाही तर पाय जाईल."

काका म्हणाले, "गोळ्या द्या, काढा द्या, सुई नोको. माही बुढी सुई लागल्यावर आठ दिसात गेली. सुई म्हंजे वरचं तिकीट!"

---

सुईला घाबरणारे ते एकटेच नव्हते. चिंधाबाईंनी तर इन्सुलिनची आख्खी बाटली दोन दिवसांत दुधातून पिऊन टाकली! शुगर मोजली तर चारशेच्या वर. वर मलाच विचारतात, "बाई, पोटातच जायाचं आहे ना?"

डॉक्टरांनी रांगेला समजावलं, "इन्सुलिन पोटात पचून जातं, म्हणून टोचावं लागतं."

काका मागून म्हणाले, "भातबी पचते जी. मंग थो कसा अंगी लागते?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला!

---

एका गुरुवारी रिटायर्ड गुरुजींनी रांगेत पेपर वाचून दाखवला. तोंडाने ओढायचं इन्सुलिन आलंय म्हणे! काका उठूनच उभे राहिले. "हेच पायजे मले!"

डॉक्टर म्हणाले, "ते आपल्याकडे मिळत नाही. आणि मिळालं तरी बिडी पिणाऱ्याला देत नाहीत. फुप्फुस चांगलं लागतं."

काका भडकले. "चाळीस वर्सं बिडी फुकली, कोनी आडवलं नाही. आता औषद फुकतो म्हनतो, तं मनाई काहून?"

रांग हसली. मी पण हसले. पायाची पट्टी तेव्हा घोट्याच्या वर गेली होती.

---

मग एक कंपनीवाला बिनसुईची मशीन दाखवायला आला. आत स्प्रिंग, दाबली की औषध जोरात कातडीतून आत. साधं पाणी भरून गुरुजींच्या दंडावर दाखवलं. फट्ट! गुरुजी टुणकन उडाले. "यापेक्षा सुई बरी!"

पण काकांनी ती मशीन हातात घेऊन उलटीसुलटी केली. माणूस बॅग भरून निघून गेला, तरी काका हलेनात. "बाई, हे आपल्या दवाखान्यात कधी येईन?"

मला पुढची रांग उरकायची होती. ठोकून दिलं, "येईल हो काका. पण तोवर इन्सुलिन न्यायला लागा."

आणि काका चक्क म्हणाले, "दे मंग!"

मी जिंकलेच! घरी जाऊन नवऱ्यालासुद्धा सांगितलं.

---

त्यानंतर काकांचा एक गुरुवार चुकला नाही. बाटली संपायच्या तारखेला हजर. पण शुगर उतरेना. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. मी तर काकांना सगळ्यांसमोर झापलं, "चोरून भात खाता तुम्ही!"

बिचाऱ्यांनी रात्रीचा भात सोडला.

तरी जखम वर चढतच गेली. शेवटी नागपूरला नेऊन गुडघ्याखाली पाय कापला. तरी विष अंगात भिनलंच. काका परत आले नाहीत. मी ड्रेसिंग रूमचं दार लावून रडले. इतकं करून माणूस हातचा गेला, याचा राग येत होता.

---

पंधरा दिवसांनी काकांची सून डोक्यावर मडकं घेऊन दवाखान्यात आली. टेबलावर ठेवून वरचं ओलं फडकं काढलं. आत ओली रेती, फ्रिज नसलेल्यांना आम्हीच सांगतो तशी, आणि रेतीत मानेपर्यंत रोवलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"मामाजी रोज सकाळी यावर पानी शिंपत होते," ती म्हणाली. "कोनाले हात नाही लावू देत. म्हनत, बाईनं सांगतलं आहे, मशीन येनार आहे. तवापर्यंत औषद खराब नाही झालं पायजे."

मी एक बाटली उचलून तारीख बघितली.

तिने माझ्यामागच्या कपाटाकडे बघितलं.

"आली का जी मशीन?"