जायफळाचे वेढे

बायको गेल्यानंतर मी स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते कॉफीसाठी. पोळ्यांना बाई आहे, भाजीही तीच करून जाते. पण दुपारी चारची कॉफी कुणाला सांगणार? ती इतकी वर्षं बायकोच करायची आणि मी हॉलमध्ये पेपर तोंडावर धरून वाट बघायचो. आयतं खाण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

पहिली कॉफी अशी झाली की मांजरानेही तोंड लावलं नसतं. पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितलं, तर त्याने एक खोकंच पाठवलं: कॉफीच्या बिया, त्या दळायचं हातयंत्र, दांडा दाबायचं काचेचं भांडं. वर शिकवणी. पाणी उकळलं की जरा दम धरायचा, पूड ताजी दळायची, ती दुधात घालून खळाखळा उकळायची नाही, कडू होते. बापाने सातपूरच्या कारखान्यात भट्टीपाशी जन्म काढला, आणि हा त्याला उकळणं शिकवणार. पण खोटं कशाला बोला, पोराचं बरोबर होतं. कॉफी सुधारली. समोरच्या ब्लॉकमधले गृहस्थ काहीतरी निमित्त काढून चारच्या सुमारास बेल वाजवू लागले.

कॉफी चांगली होती, पण बायकोची नव्हती.

आणि घर मला ते विसरू देत नव्हतं. चार वाजत आले की आतून आवाज यायचा. दगडावर काहीतरी घासल्याचा, हळू, ओला. हा आवाज मी संसारभर ऐकत आलो होतो आणि ती देवासाठी गंध उगाळते आहे असं धरून चाललो होतो. भर दुपारी कोणत्या देवाला गंध लावतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आवाजापाठोपाठ जायफळाचा वास. उठून आत जावं तर ओटा कोरडा, खिडकी बंद. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मला भीती वाटायची, आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर त्याहून जास्त वाटायची. आवाज येतो, वास येतो, मग चव तेवढी का येत नाही? ती एकदा जिभेवर आली की बायको घरातून पुरती गेलेली नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. जायफळ किसणीवर किसून घालत होतो. कधी कमी, कधी जास्त, कधी गॅस बंद केल्यावर झाकण ठेवून. ती चव काही येईना.

धाकटी मेहुणी दिंडोरीला असते. द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी उरकल्यावर ती बेदाण्यांची पिशवी घेऊन आली. मी ऐटीत कॉफी पुढे केली.

"दाजी, कॉफी लय भारी हाय," ती म्हणाली. "पण ताईची अशी नसायची. जायफळ किसता का काय तुम्ही?"

"मग काय करायचं?"

"ताई उगाळायची. सहाणेवर."

मी ताडकन उठलो. इतके महिने आवाज कानीकपाळी ओरडत होता आणि मी किसणी घेऊन बसलो होतो. देवघरातली सहाण आणली, जायफळ उगाळलं, नवी कॉफी केली. घोट घेतला तर देवळात तीर्थ प्यायल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षांचं चंदन त्या दगडात मुरलेलं. मेहुणी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग हसता हसता थांबली आणि तिने कप खाली ठेवला.

"ही नाय दाजी. गुटीची."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळाला घेऊन लेक सासरी निघाली की तिची आई बरोबर एक लहान सहाण देते. तिच्यावर जायफळ, हळकुंड, वेखंड दुधात उगाळून बाळाला चाटवायचं, ती बाळगुटी. आमचं पहिलं बाळ मुलगी होती. उष्टावणाच्या आधीच ती तापाने गेली. त्यानंतर आम्ही तिच्याबद्दल बोललो नाही, बायको नाही आणि मीही नाही. मुलाच्या वेळी बायकोने बाजारातून नवी सहाण आणवली, तेव्हाही नाही. जुनीचं काय झालं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मेहुणीने सरळ तांदळाच्या डब्यामागे हात घातला. सहाण एका झबल्यात गुंडाळलेली होती. तळहाताएवढी, मध्ये खळगा पडलेली, आणि शेजारी एका बाजूने झिजून तिरकं झालेलं जायफळ. मी ती नाकाशी धरली. जायफळाच्या खाली वेखंडाचा वास अजून होता.

"दगडावर एक फेरा म्हंजे एक वेढा," मेहुणी म्हणाली. "गुटीला कसं, पोर वाढंल तसे वेढे वाढवत्यात. ताई दर साली एक वेढा वाढवायची. मी म्हणले, अगं कॉफीत कशाला? तर म्हणली, पोर मोठी होतीय ना माझी."

शेवटच्या काही वर्षांत मी कुरकुर करायचो. जायफळ फार पडतंय हल्ली तुझ्याकडून, कॉफी पिऊन झोप येते. ती म्हणायची, येऊ द्या की.

सहाण मी धुतली नाही. दुधाचे थेंब टाकले आणि उगाळायला लागलो. किती वेढे, हे मेहुणीला विचारावं लागलं नाही. ज्या मुलीबद्दल आम्ही कधी बोललो नाही, तिचं वय मला तोंडपाठ होतं. घासल्याचा आवाज आला, तोच, हळू, ओला, आणि या वेळी तो माझ्या हाताखालून येत होता. वास उठला. चव जमणार, हे मला न पिताच कळलं. हात थांबला, कारण बायकोचे वेढे पुरे झाले होते. ती आषाढात गेली. मुलीचा वाढदिवस श्रावणात येतो. या वर्षीचा वेढा राहिला होता.

तो मी घातला.