हितल्या हितं

आमच्या विभागप्रमुखांचा मला आजही राग येतो, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आटपाडीकडच्या एका वयस्क शेतकऱ्यांनी आपल्या खिल्लार वळूचं रक्त आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेला दिलं होतं. मी त्यांना आबा म्हणायचे. देताना त्यांनी एकच अट घातली. "रगत न्या ताई, पर त्यातनं काय निघंल ते हितल्या हितं ऱ्हायला पायजे." पूर्वी कुणीतरी या वळूचा फोटो काढून नेला होता आणि तो दाखवून भलत्याच वळूची वासरं विकली होती. मी शब्द दिला.

म्हणून वळूचा जीनोम, म्हणजे रक्तातून वाचलेला त्याचा सगळा जनुकीय आराखडा, ब्राउझरमध्ये चित्रासारखा दाखवणारं सॉफ्टवेअर मी आमच्याच कॉम्प्युटरवर बसवायला घेतलं. ते फुकटचं होतं, आणि सूचना लिहिणाऱ्यानं मेहनतही फुकटाइतकीच घेतली होती. पान डबल-क्लिक करून उघडलं, तर कोरं. आधी कॉम्प्युटरवरच एक छोटा सर्व्हर चालू करावा लागतो, हे कळायला दोन दिवस गेले. मग जनुकांची माहिती दाखवणाऱ्या पट्ट्या दिसल्या, पण रिकाम्या. विभागप्रमुख जाता-येता दारातून म्हणायचे, "परदेशी साइटवर टाका की, पाच मिनिटांचं काम. त्या म्हाताऱ्याला काय कळतंय?" माझं डोकं सणकायचं. शब्द त्यांनी दिला नव्हता ना, मी दिला होता.

तिसऱ्या दिवशी चूक सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या गायीच्या मूळ जीनोमच्या फायलीत पहिल्या गुणसूत्राचं नाव म्हणजे नुसता एकचा आकडा होता, माझ्या फायलीत त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं. नाव जुळेना, म्हणून सॉफ्टवेअर ढिम्म. मला आठवलं, रक्त काढायला गेले तेव्हा मी हाका मारत होते आणि वळू मान वळवत नव्हता. आबा म्हणाले होते, "त्ये जत्रंतलं नाव हाय. घरच्या नावानं हाक मारा, मंग बगंल." आणि घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं ते नाव त्यांनी मला हळूच सांगितलं होतं. मी फायलीतली गुणसूत्रांची नावं बदलली आणि पट्ट्या भरल्या.

आबांना बोलावलं. ते धुतलेला पटका बांधून आले आणि पडद्याकडं बघत राहिले. "ह्ये समदं हितंच हाय न्हवं?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात विभागप्रमुख हसत आत आले. "आता जगात कुठूनही बघा बाबा. कालच मी साइटवर चढवलंय." माझ्या फायली त्यांनी मला न विचारता उचलल्या होत्या.

आबा त्यांच्याकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी शबुद दिला हुता."

विभागप्रमुखांना मी सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. त्यांनी त्या संध्याकाळी सगळं काढून टाकलं म्हणे. तोवर कुणी उतरवून घेतलं असेल, ते कोण सांगणार?

आबा मात्र त्याआधीच निघाले होते; दारापर्यंत गेले आणि थांबले. "त्यात त्येचं घरचं नाव बी घातलंय का?"

घातलं होतं. फायलीला ते नाव मीच हौसेनं दिलं होतं.