केळीला बांधलेल्या चिंध्या

आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा तो हिंदीच बोलायचा. मराठी कार्यक्रम मुंबईहून लागायचे, ते फैजपूरपर्यंत पोचत नव्हते. छपरावरचा अँटेनाचा बांबू किती फिरवला तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या. मी चौथी शिकलेली, बाजारापुरती हिंदी मला कळायची. सासूला तीही नाही. त्यामुळे दिवसभर बागेत राबून आल्यावर टीव्हीतला माणूस काय बोलला ते तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पेंगत सांगायचे. फारच थकले असले तर मनचंच सांगायचे. तिला फरक पडत नव्हता.

एका वर्षी शेतीच्या कार्यक्रमाचे लोक जीप घेऊन आमच्या बागेत आले. आमच्या केळीचे घड तेव्हा गावात सगळ्यात भरलेले असायचे. त्याला कारण माझ्या चिंध्या. कापणीच्या आधी मी बागेत फिरायचे आणि ज्या झाडाचा घड चांगला, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचे. पुढच्या लागवडीचे कंद त्याच झाडांच्या बुडातले काढायचे. हे मी माहेरी आईकडून शिकले. नवरा पहिल्या वर्षी हसला होता. घड भरायला लागले तसा हसायचा थांबला, पण चांगलं कधी बोलला नाही, ना मला ना दुसऱ्या कुणाला.

जीपमधल्या माणसाने आधी तेच विचारलं, या चिंध्या कशाच्या. नवरा सांगायला लागला आणि मला चहा ठेवायला बागेतल्या झोपडीत पाठवलं. चुलीपासून एवढंच दिसलं, की बोलताना त्याने झोपडीकडे हात केला. शब्द ऐकू आले नाहीत.

त्या हाताचा मी महिनाभर विचार केला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत एकदा जरी त्याने माझं सांगितलं असेल, तर मला ते कानाने ऐकायचं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, टीव्हीवर दिसेलच.

ज्या संध्याकाळी तो कार्यक्रम लागणार होता, त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या घरात. सगळ्यांना चहा मीच केला. नवरा पडद्यावर आला, त्याचे ओठ हलले आणि वरून दिल्लीच्या कुणा माणसाचा भरदार हिंदी आवाज सुरू झाला. त्याचं आपल्या बोलीतलं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं, एक शब्द लागेना.

"हा माह्या पोराचा आवाज नही," सासू म्हणाली.

"अक्का, तुमचा पोरगा दिल्लीवाला झाला आता," शेजारी म्हणाला. लोक हसले.

मग तो हात वर झाला. आवाज सांगत होता, या प्रगतशील शेतकऱ्याने ही युक्ती स्वतःच्या डोक्याने काढली आहे. सासूने विचारलं, काय म्हणतो. मी तिला जसंच्या तसं सांगितलं, त्या दिवशी पदरचं काही घातलं नाही. नवरा खाली मान घालून चहा पीत होता.

लोक गेल्यावर मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं होतं? तो म्हणाला, आपण आपल्या बोलीत सांगितलं, त्यांनी त्यांचं घातलं. पण काय सांगितलं? जे आहे ते, म्हणाला, आणि हात धुवायला गेला. मी कपबशा विसळल्या.

पुढच्या खेपेला मी चिंध्या बांधल्या नाहीत. भांडण नाही, काही नाही. कंटाळा आला होता.

लागवडीची वेळ आली. मजूर पहारी घेऊन घड उतरलेल्या जुन्या बागेत उभे, आणि कुठल्या बुडाचा कंद काढायचा ते कुणाला कळेना. नवरा दोन ओळी फिरून आला.

"चिंध्या कुठी गेल्या व?"

मी बांधावर बसले होते. "दिल्लीले विचारा," म्हटलं.

मजूर पहारींकडे बघायला लागले. मग नवरा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मले यातलं काही समजत नही. आतापर्यंत तूच करत आली. दाखवून दे."

आपल्या बोलीत म्हणाला, मधे कुणी नव्हतं. मला वाटलं होतं ऐकून बरं वाटेल. गुडघे दुखत होते, तेवढंच वाटलं. उठले. चिंध्या नसल्या तरी कुठलं झाड कुठं ते मला पाठ होतं. ऊन कलेपर्यंत बोट दाखवत फिरले, आणि तो माझ्या मागे मजुरांना सांगत राहिला, ती सांगते तोच काढा.